चालण्याचं भाडं

गुलमर्गमध्ये पायी चालणाऱ्या माणसाकडे संशयाने पाहिलं जातं. एकतर त्याचं पाकीट मारलं गेलं असणार, नाहीतर बायकोशी भांडून तो हॉटेलातून निघाला असणार. टॅक्सी स्टँडवर उतरल्या क्षणापासून तिथली सगळी यंत्रणा एकाच कामाला लागलेली असते: पाहुण्याचे पाय जमिनीला लागू द्यायचे नाहीत. घोडा आहे. बर्फावर पळणारी चार चाकांची फटफटी आहे. लाकडी स्लेज आहे. तिच्यावर आपण पाय पसरून बसायचं आणि एका हडकुळ्या माणसाने आपल्याला ओढायचं. आपण नव्वद किलोंचे, तो पन्नासचा, आणि वर तोच धापा टाकत आपल्याला म्हणतो, ‘‘साहब, ऐश करो.’’ डोंगरावर जायला गोंडोला आहे. त्याचा पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, दुसरा अफरवटच्या खांद्यापर्यंत, जवळजवळ चार हजार मीटरवर. खाली यायला स्की आहेत. म्हणजे चढायचं काम यंत्राचं, उतरायचं गुरुत्वाकर्षणाचं आणि मधल्या सपाटीवर घोडा. पाय लागतात ते गमबुटांचं माप द्यायला.

तेही माप गुलमर्गच्या १३ किलोमीटर खाली, तंगमर्गलाच देऊन झालेलं असतं. तिथे गाड्यांच्या चाकांना साखळ्या चढतात आणि प्रवाशांच्या अंगावर भाड्याचे लांब कोट. माझ्या कोटाच्या खिशात आधीच्या भाडेकरूने ठेवलेली बडीशेपेची पुडी निघाली. तिच्यावर दुकानाचा पत्ता नाशिकचा होता. काश्मीरच्या कानाकोपऱ्यात मराठी माणूस आपल्या आधी जाऊन बडीशेप खाऊन आलेला असतो, याचा लेखी पुरावा मला तिथे मिळाला. कोट देणारा दुकानदारही ‘‘या ताई, बघा तरी, घेऊ नका’’ असं इतक्या सफाईने म्हणाला, की आमच्या हिने त्याला आधी गाव विचारलं.

न चालण्याच्या या राजधानीत चालायची टूम काढली ती माझ्या मेव्हण्याने. हा सांगलीला सार्वजनिक बांधकाम खात्यात इंजिनिअर आहे, आणि जगातली प्रत्येक गोष्ट त्याला भार आणि क्षेत्रफळ या दोन रकान्यांत मांडता येते. टूर मॅनेजरने ‘उद्याचा दिवस मोकळा, आपापल्या खर्चाने घोडा किंवा स्लेज’ असं जाहीर केल्याबरोबर तो माझ्या कानाशी लागला.

‘‘दाजी, घोडा नको, स्लेज नको. आपण स्नोशू घालून जंगलात जायचं.’’

‘‘जंगलात काय आहे?’’

‘‘काहीच नाही. तीच तर मजा.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी भाड्याच्या दुकानात हाच संवाद हिंदीत झाला. दुकानदाराने भिंतीला टेकलेल्या लांबलचक स्कींकडे बोट केलं. आम्ही नको म्हणालो. मग स्नोबोर्ड दाखवला. तोही नको. ‘‘स्नोशू चाहिए. चलने के लिए,’’ मेव्हणा म्हणाला. ‘‘चलने के लिए?’’ दुकानदाराने खात्री करून घेतली. मग आतल्या पोराला काश्मिरीत काहीतरी सांगितलं. ते पोर हसत माळ्यावर चढलं आणि धूळ झटकत तीन जोड घेऊन खाली आलं.

स्नोशू म्हणजे पायाला बांधायची लांबट चाळण. कडेला ॲल्युमिनियमची चौकट, मध्ये ताणलेलं जाड प्लास्टिक, वरती बूट अडकवायचे पट्टे, खाली बर्फात रुतणारे दात. उत्तर अमेरिकेतले मूळ रहिवासी कितीतरी शतकं हेच अॅश लाकडाची चौकट वाकवून आणि तिच्यात कच्च्या चामड्याच्या वाद्या विणून करत आले. त्यांना हिवाळ्यात शिकारीला जायचं असे. आम्हाला कुठेच जायचं नव्हतं.

मेव्हण्याने दुकानदाराच्या बिलबुकावरच तत्त्व समजावून सांगितलं. भुसभुशीत बर्फात माणूस रुततो, कारण त्याचं सगळं वजन दोन तळव्यांवर येतं. दोन्ही बुटांचे तळ मिळून साधारण पाचशे चौरस सेंटिमीटर. या जोडाचे सव्वादोन हजार. क्षेत्रफळ साडेचार पट, म्हणून दाब साडेचार पटीने कमी. ‘‘आता प्रत्यक्ष आकडे घालून बघू. ताई, तुझं वजन?’’

दुकानात एकदम शांतता पसरली.

‘‘तुझ्या बायकोचं घाल,’’ ही म्हणाली.

भाड्याचा आकडा ऐकल्यावर मात्र ती पूर्ववत झाली. घोड्याच्या फेरीहून तो जास्त होता. ‘‘भैया, घोडे का पैसा समझ सकती हूँ. घोडा चलता है. यहाँ पाँव हमारा, मेहनत हमारा, और पैसा तुमको?’’ तिच्या हिंदीतली लिंगं दर वाक्याला धर्मांतर करतात, पण मुद्दा बिनतोड होता. दुकानदारालाही तो पटला असावा, कारण त्याने काठ्यांचं भाडं सोडून दिलं. काठ्यांच्या टोकाला बर्फात घुसू नये म्हणून रुंद चकत्या होत्या. हिने त्या निरखून पाहिल्या आणि विजयी मुद्रेने उचलल्या.

वाटाड्या म्हणून जे भाईजान आले, ते उन्हाळ्यात घोडे चालवतात. ढगळ फेरन, त्याच्या आत पोटाशी धरलेली निखाऱ्यांची कांगडी, आणि चेहऱ्यावर गिऱ्हाइकाला दिसणार नाही असं बेताचं हसू. आमची निवड ऐकून त्यांनी एकदा, कर्तव्य म्हणून, घोड्याचा विषय काढला. मग म्हणाले, ‘‘चलिए, हमारे दादा भी ऐसे ही जाते थे. पुलहोर पहन के.’’ पुलहोर म्हणजे भाताच्या पेंढ्याची वळून केलेली पादत्राणं. जुनी माणसं बर्फात तीच घालत. पेंढा घरचा, वळणारे हात घरचे, झिजली की दुसरी वळायची. ‘‘किराया?’’ हिने विचारलं. भाईजान पहिल्यांदा मोकळेपणाने हसले.

गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे, म्हणजे महाबळेश्वरच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर. हे मेव्हण्याने प्रत्येक चढाला सांगितलं. त्यामुळे धाप लागली तरी ती उंचीमुळे लागते आहे, पोटामुळे नव्हे, अशी सोय झाली. गावाच्या मधोमध जी पांढरी परात दिसते ती उन्हाळ्यातली गोल्फची हिरवळ. तिच्या कडेने आम्ही निघालो. एका उंचवट्यावर महाराणी मंदिराची जागा. १९७४ च्या ‘आप की कसम’मध्ये राजेश खन्ना आणि मुमताज शिवशंकराच्या नावाने नाचले ते इथेच. ते जुनं देऊळ २०२४ च्या जूनमध्ये आगीत जळालं. ही तिथे हात जोडून दोन मिनिटं उभी राहिली. त्यातलं देवासाठी किती आणि राजेश खन्नासाठी किती, हे मी विचारलं नाही.

स्नोशूवर चालायला शिकावं लागत नाही, असं सगळेजण सांगतात. खरं आहे. विसरावं मात्र बरंच लागतं. पहिली पंचवीस पावलं माणूस आपल्याच पायावर आपलाच दुसरा पाय देतो आणि पुढचा पाय का उचलत नाही म्हणून चौकटीला दोष देतो. पाय थोडे फाकून टाकायचे, टाच मोकळी राहते ती राहू द्यायची, एवढं जमलं की झालं. एकच गोष्ट जमत नाही, ती म्हणजे मागे जाणं. पट्टा बोटांपाशी असतो, टाच सुटी. मागे पाय टाकायला गेलं की चौकटीची शेपटी बर्फात खुपसते आणि माणूस बसतो.

हे भाईजानांनी निघतानाच सांगितलं होतं. पण मेव्हण्याच्या हातात कॅमेरा होता. ‘‘दाजी, ताईच्या जरा जवळ. अजून जवळ. मागचा डोंगर येत नाहीये, थांबा,’’ असं म्हणत त्याने दोन पावलं मागे घेतली आणि तो फोटोग्राफरच्या जागेवरून नाहीसा झाला. बर्फात फक्त कॅमेऱ्याचा हात वर होता. उठायला त्याने हात टेकला तर हात कोपरापर्यंत आत गेला. दुसरा टेकला, तोही गेला. क्षेत्रफळाचा सिद्धांत तळहातालाही लागू होतो, हे त्याच्या ध्यानात येईपर्यंत भाईजान शांतपणे उभे होते. मग त्यांनी दोन काठ्या बर्फावर फुलीसारख्या आडव्या ठेवायला सांगितल्या आणि त्यांच्यावर भार देऊन उठायला लावलं. आधी का नाही सांगितलं, असं मी विचारलं. ‘‘पहले बताने से कोई सीखता नहीं, साहब,’’ भाईजान म्हणाले. मास्तर व्हायचा हा माणूस घोड्यांकडे वळला, यात शिक्षण खात्याचं नुकसान आहे.

तेवढ्यात वरच्या उतारावरून स्कीवाले सुसाट आले. रंगीत चष्मे, फुगीर जाकिटं, बर्फाचा फवारा. इथे स्कीइंगची घडी १९२७ साली ब्रिटिश अधिकाऱ्यांनी ‘स्की क्लब ऑफ इंडिया’ काढून बसवली, आणि आता अफरवटच्या भुरभुरीत बर्फासाठी जगभरचे लोक येतात. बर्फातल्या समाजरचनेत ते सर्वांत वर. त्यांच्याखाली स्नोबोर्डवाले. मग गोंडोलातून नुसते फोटो काढायला जाणारे. मग घोडेस्वार. त्याही खाली, शेवटच्या पायरीवर, आपल्या पायांनी चालणारे आम्ही. एक गोरा पोरगा आमच्याजवळ कचकन थांबला, चष्मा वर करून आमच्या पायांकडे पाहिलं आणि सहानुभूतीने विचारलं, ‘‘लिफ्ट बंद है क्या?’’ त्याची हिंदी हिच्यापेक्षा शुद्ध होती.

गावाला वळसा घालणारा बाह्य वर्तुळाकार रस्ता अकरा किलोमीटरचा आहे, बराचसा जंगलातून जाणारा. हिवाळ्यात तो रस्ता आहे हे फक्त स्थानिकांना माहीत असतं. एका सूचनाफलकाची फक्त वरची ओळ बर्फाबाहेर होती: ‘प्लीज’. पुढे प्रशासनाची काय विनंती होती, ते एप्रिलपर्यंत गुलदस्त्यात. मेव्हण्याला मात्र बर्फाखालचा रस्ता कसा असेल, त्याची बाजूपट्टी किती रुंद असेल आणि निचरा कुठून काढला असेल, हे दिसायला लागलं होतं. त्याला जंगलात आणलं तरी तो कामावरच असतो.

झाडं सरळ, उंच आणि फांद्याफांद्यांवर बर्फ तोलून उभी. ‘‘काय देवदार आहेत!’’ मी म्हणालो. ‘‘देवदार नीचे होता है. ये बुदलू, वो कायरू,’’ भाईजानांनी एक फर आणि एक पाइन दाखवला. मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, ‘‘आप देवदार बोलिए. सब बोलते हैं.’’ झाडाच्या फार जवळ मात्र त्यांनी जाऊ दिलं नाही. दाट फांद्यांमुळे बुंध्याभोवती बर्फ कमी साठतो आणि पोकळ खड्डा राहतो. वरून भुसभुशीत झाकण, आत माणूस डोक्यापर्यंत जाईल एवढी जागा. स्कीवालेही त्यात पडून गुदमरतात. हिने डब्यासाठी हेरलेली झाडाखालची सुंदर जागा त्यामुळे रद्द झाली.

‘‘किती शांत आहे, नाही?’’ ही म्हणाली.

होतं खरंच. त्यावर मेव्हण्याने शांततेचं कारण मोठ्याने सांगायला सुरुवात केली. ताज्या बर्फाच्या कणांमध्ये भरपूर हवा असते, त्या पोकळ्यांत आवाज शोषला जातो, नाट्यगृहाच्या भिंतीला सच्छिद्र फळ्या लावतात त्याचंही तत्त्व हेच. नाट्यगृहावरून ही सांगलीच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांवर गेली, खुर्च्यांवरून मामेबहिणीच्या लग्नातल्या खुर्च्यांवर, तिथून मामेबहिणीवर. मी मध्ये मध्ये ‘ऐका, ऐका, काय शांतता आहे’ असं म्हणत होतो. पायांतल्या चौकटी खर्र-फट्ट करत होत्या त्या वेगळ्याच. अखेर भाईजान थांबले आणि अत्यंत अदबीने म्हणाले, ‘‘साहब, चुप रहना फ्री है.’’

फुकट म्हटल्यावर आम्ही घेतलं. तिघंही उभे राहिलो. आधी स्वतःच्याच कानातली धडधड ऐकू आली, मग ती विरली. दूर एका फांदीवरून बर्फ सुटला, धप्प. कुठेतरी नटक्रॅकर पक्ष्याने कर्कश हाक दिली आणि ती बर्फाने मधेच तोडून टाकली. समोर कोल्ह्याच्या पावलांची ओळ होती, एका रेषेत, कुठेही न रेंगाळता झाडांत शिरलेली. त्याने शेपूट टेकलेली नव्हती आणि तो मागेही वळला नव्हता. माझ्या मनात आलं, आता काहीतरी चांगलं सुचणार.

तेवढ्यात मेव्हण्याचा फोन वाजला. बाहेरच्या राज्यांची प्रीपेड कार्डं काश्मीरमध्ये चालत नाहीत, म्हणून आम्ही दोघं गेले काही दिवस मुक्त होतो. पण याचं पोस्टपेड.

‘‘साहेब, मोरीच्या बिलाचं काय झालं?’’ कंत्राटदाराचा आवाज झाडाझाडांतून घुमला. बर्फाने तोही शोषायला हवा होता. पण सांगलीचे कंत्राटदार भौतिकशास्त्राला जुमानत नाहीत.

‘‘अहो, मी बर्फात आहे.’’

‘‘हां साहेब, बर्फ. मग सही सोमवारी होईल ना?’’

फोन बंद झाल्यावर हिने, आता शांततेचा भंग झालाच आहे म्हणून, मनातला प्रश्न विचारला. इथे बिबट्या असतो का? तिचं माहेरचं एक घर जुन्नरकडे आहे. तिथल्या उसात तो असतो, आणि शेताकडे जाताना बायका मोठमोठ्याने बोलत जातात. ‘‘तेंदुआ है,’’ भाईजान म्हणाले. ‘‘भालू सोया है, तेंदुआ नहीं सोता. पर डरिए मत, दीदी. आप लोग बातें करते रहिए.’’ मामेबहिणीचं लग्न लगेच पुढे सुरू झालं.

उघड्यावर, सूर्य येतो अशा जागी आम्ही डबा सोडला. दशम्या कशाबशा मोडल्या. डिंकाच्या लाडवांपुढे मात्र दातांनी हात टेकले. मेव्हण्याने एक लाडू काठीच्या मुठीवर आपटून पाहिला आणि मूठ तपासली. भाईजानांनी काही न बोलता डबा घेतला आणि फेरनच्या आत कांगडीशेजारी ठेवला. जरा वेळाने तुपाचा वास फेरनच्या गळ्यातून येऊ लागला. कांगडीवर ऊब घेतलेला डिंकाचा लाडू ही भारताच्या एकात्मतेची अशी बाजू आहे, की तिच्यावर टपाल तिकीट निघायला हरकत नाही. बदल्यात त्यांनी थर्मासातला गुलाबी नून चहा, म्हणजे मिठाचा चहा, दिला. मेव्हण्याने घोट घेतला आणि मला कोपर मारलं. ‘‘दाजी, यांच्या चहात चुकून मीठ पडलंय. बोलू नका हं, बिचाऱ्यांना वाईट वाटेल.’’ मी बोललो नाही. त्याने नाक मुरडत कप संपवला आणि शिष्टाचार म्हणून आणखी मागितला. तिसऱ्या कपाला तो चहा त्याला आवडत होता.

चहाबरोबर भाईजान थंडीचा हिशोब सांगत होते. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलान, सगळ्यांत कडक. मागोमाग वीस दिवसांची चिल्लई खुर्द, शेवटी दहा दिवसांची चिल्लई बच्चा. आम्ही आलो होतो ते मधल्या वीस दिवसांत. आणि २०२४ साली? त्या जानेवारीत, ऐन चाळीस दिवसांत, इथे बर्फच नव्हतं. ही सगळी परात पिवळ्या गवताची होती. बुकिंगं रद्द झाली, स्लेज भिंतीला टेकून राहिल्या. बर्फ महिनाअखेरीला आलं. ‘‘उस महीने हर टूरिस्ट पैदल चला, साहब. पर किसी ने किराया नहीं दिया.’’ ते हसून म्हणाले, पण डबा परत देताना त्यांनी आकाशाकडे एकदा पाहून घेतलं.

नंगा पर्वत दाखवायचा त्यांचा वायदा होता. उत्तरेला एका वळणावर थांबवून त्यांनी ढगांची एक रांग दाखवली. ‘‘उसके पीछे. आठ हज़ार एक सौ छब्बीस मीटर.’’ आम्ही तिघांनी त्या ढगाचे मनापासून फोटो काढले. या वेळी मेव्हणा मागे सरकला नाही.

परतीला वर्तुळ पुरं करण्याऐवजी जंगलातून खाली, बाबा रेशींच्या दर्ग्याकडे उतरायचं ठरलं. उतारावर पुढचे दात कामाचे नाहीत. अंग मागे टाकून टाचा रोवायच्या. हिने ही पद्धत थोडा वेळ पाळली आणि मग, ‘‘जाऊ दे,’’ म्हणून सरळ कोट सावरून बसली आणि घसरत खाली गेली. भाड्याचा लांब कोट शिवणाऱ्याने हाच विचार केला असणार.

बाबा रेशी पंधराव्या शतकातले, सुलतान झैनुल आबिदीनच्या दरबारातले बडे अधिकारी. सांगतात की एकदा त्यांना हिवाळ्यासाठी दाणा दाणा साठवणाऱ्या मुंग्या दिसल्या. मुंगीसुद्धा पुढची तजवीज करते आणि आपण पुढल्या प्रवासासाठी काहीच बांधून घेतलं नाही, असं वाटून त्यांनी दरबार सोडला आणि इथे रानात येऊन राहिले. ‘‘सरकारी नोकरी सोडली?’’ मेव्हण्याने विचारलं. ‘‘पेन्शन?’’ त्याला ती गोष्ट दर्ग्याचं दार येईपर्यंत पचली नाही. आत मात्र तो सगळ्यांत जास्त वेळ बसला.

बाहेर येऊन स्नोशू सोडले. सोडल्यावरही पाय ऐकेनात. साफ केलेल्या डांबरी रस्त्यावर आम्ही तिघं पाय फाकून, गुडघे उंच उचलत चाललो होतो. टॅक्सीवाला आम्हाला लांबूनच न्याहाळत होता.

‘‘गुलमर्ग वापस?’’

‘‘हाँ. कितना?’’ हिने पदर खोचला. दिवसभर साठवलेली सगळी ताकद त्या प्रश्नात होती.

तो आमच्याकडे बघतच राहिला. ‘‘गोंडोला किया?’’

‘‘नहीं.’’

‘‘घोड़ा? स्लेज?’’

‘‘नहीं. पैदल आए. ऊपर से.’’

त्याने आमच्या काठ्यांकडे पाहिलं, हिच्या कोटाला मागून लागलेल्या बर्फाकडे पाहिलं, मेव्हण्याच्या कोपरापर्यंत ओल्या बाह्यांकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून त्याने एक आकडा सांगितला, आणि आम्ही काही बोलायच्या आत स्वतःच त्यातले दोनशे कमी केले.

गाडी वळणं घेत चढू लागली. ही बराच वेळ गप्प होती. वितळलेलं बर्फ सीटवरून पायाशी ठिबकत होतं.

‘‘भिकारी समजला आपल्याला,’’ ती अखेर म्हणाली. मग खिडकीबाहेर पाहत, जरा वेळाने: ‘‘घासाघीस केली असती, तर तीनशे कमी झाले असते.’’